स्वस्त मजूर, महाग कापड

मजुरी वाढवली म्हणजे काम वाढते, की काम वाढल्यावर मजुरी वाढवावी, हा वाद गिरणीच्या भोंग्याइतकाच जुना आहे. मालकाच्या दिवाणखान्यात त्याचे उत्तर एक असते, चाळीच्या गॅलरीत दुसरे असते, आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांत तिसरे. आपल्या बडोदेकर मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांत कोणी ना कोणी गिरणीच्या पगारपत्रकावर होते. कोणी कारकून, कोणी रंगखात्यातले, कोणी विणाईखात्यातले. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. मात्र त्याकडे आपण बहुधा पगाराच्या बाजूने पाहतो. मागाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दांडिया बाजाराकडून विश्वामित्री ओलांडली की अकोटा लागते. आज हे नाव घेतले की पूल, नाट्यगृह आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. इतिहासाचा अभ्यासक मात्र प्राचीन अंकोट्टक आठवतो. १९५१ साली येथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींनी या गावाचे नाव जगभरच्या संग्रहालयांत पोहोचवले. कापडाच्या इतिहासातही अकोट्याला जागा आहे. १९३५ साली स्थापन झालेली श्री दिनेश मिल्स ही लोकरी कापडाची गिरणी याच बाजूला, पाद्रा रस्त्यावर, उभी राहिली. सुटाचे कापड तर ती विणीतच असे. शिवाय कागदाच्या कारखान्यांना लागणारे फेल्टही विणी. कागदाचा ओला लगदा ज्या जाड, अखंड पट्ट्यावरून पळत जातो तो पट्टा म्हणजे हे फेल्ट. त्यात एक गाठ राहिली, एक धागा चुकला, तर त्याची खूण कागदाच्या प्रत्येक फेऱ्यात उमटत राहते. असे कापड विणणाऱ्याला वारावर मजुरी देऊन घाई करायला लावणे म्हणजे स्वतःच्याच मालावर कुऱ्हाड मारणे होय. लोकर महाग, विणकराची मजुरी त्या मानाने थोडी. एक वार बिघडला तर जाणारी लोकर कित्येक तासांच्या मजुरीहून मोठी असते. उलट जाड्याभरड्या सुती कापडाच्या गिरणीत वेग हाच राजा. म्हणजे मजुरी आणि कार्यक्षमता यांचे नाते कोणते, हे विचारण्याआधी कापड कोणते, हे विचारले पाहिजे. पुस्तकी चर्चेत ही साधी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते.

बडोद्यात कापड गिरणी त्याही आधीपासून होती. १८८३ साली येथे पहिली गिरणी निघाली ती दरबारच्या भांडवलावर, आणि पुढे सुमारे वीस वर्षांनी ती खाजगी मालकांकडे गेली. श्रीमंत सयाजीराव महाराजांना एक गोष्ट लवकर उमगली होती. यंत्रे विलायतेहून आणता येतात, ती चालवणारे हात मात्र येथेच घडवावे लागतात. १८९० साली कलाभवन निघाले, आणि प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे रंगाईचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. १९०२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना महाराजांनी औद्योगिक शिक्षणाचा आग्रह धरला, आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या काळी हिंदुस्थानातील बहुसंख्य गिरणीमालक मजूर स्वस्त आहे यावरच खूश होते. तो वाचतो की नाही याची फिकीर करण्याचे त्यांना कारण वाटत नव्हते.

आता मागाकडे येऊ. कार्यक्षमता हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण साचेखात्यात त्याला नेमका अर्थ आहे. एका पाळीत माग अखंड चालला असता तर धोट्याने जितके आडवे धागे घातले असते, त्यांपैकी प्रत्यक्ष शंभरी किती घातले, तो आकडा म्हणजे मागाची कार्यक्षमता. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, बॉबिन संपले की थांबतो. विणकर येतो, धागा सांधतो, माग पुन्हा सुरू होतो. दोन माग सांभाळणाऱ्याला हे जमते. चार मागांवर एकाच वेळी दोन धागे तुटले तर एक माग तसाच उभा राहतो. धागा किती वेळा तुटणार हे विणकराच्या हातात फार थोडे असते. कापूस आखूड धाग्याचा असेल, कांजी नीट बसली नसेल, हवेत दमटपणा कमी असेल, तर जगातला सर्वांत कुशल विणकरही नुसता गाठी मारीत बसेल. म्हणून जेव्हा कोणी म्हणतो की आमचा कामगार आळशी आहे, तेव्हा त्याला आधी कापसाचा भाव आणि कांजीखात्याची स्थिती विचारावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मागाची कार्यक्षमता आणि माणसाची उत्पादकता या दोन वेगळ्या बाबी आहेत. प्रत्येक मागावर एक माणूस उभा केला तर माग क्वचितच थांबेल, त्याची कार्यक्षमता उत्तम दिसेल; पण माणशी कापड थोडे निघेल. एका माणसाकडे सहा माग दिले तर माणशी कापड वाढेल, पण माग अधूनमधून उभे राहतील. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त असला की मालकाचा हिशेब पहिल्या बाजूला झुकतो. माणूस महाग झाला की तोच मालक दुसरीकडे वळतो. मजुरी आणि उत्पादकता यांचे नाते म्हणजे केवळ पोटभर खाल्लेला माणूस जास्त काम करतो एवढेच नव्हे. मजुरीचा दर पाहून मालक माणसाचा वापर कसा करतो, हेही त्यात येते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका मागामागे यंत्र, इमारत, वाफ-वीज, देखरेख यांचा रोजचा खर्च ३० रुपये आहे. पहिल्या गिरणीत विणकराला त्या मागापोटी १० रुपये मिळतात आणि ३० वार कापड निघते. वारामागे खर्च १ रुपया ३३ पैसे. दुसरीत विणकराला १३ रुपये मिळतात, तो टिकून राहतो, सूतही बरे दिले जाते आणि ४० वार निघतात. वारामागे खर्च १ रुपया ८ पैशांच्या आत. मजुरी तीस टक्क्यांनी जास्त, कापड मात्र स्वस्त. पण पहिल्या मालकाला हे दिसत नाही. त्याच्या वहीत मजुरीचा रकाना वेगळा असतो, उभ्या मागाचा रकाना नसतोच.

पाश्चात्त्यांना हे कोडे पूर्वीच पडले होते. देशोदेशी रेल्वे बांधणाऱ्या ब्रॅसी घराण्यातील थॉमस ब्रॅसी याने १८७२ साली ‘वर्क अँड वेजेस’ या ग्रंथात दाखवले, की मजुरीचे दर देशपरत्वे कितीही निरनिराळे असले तरी प्रत्यक्ष कामाचा खर्च जवळपास सारखाच येतो. त्याच्याही आधी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने, अमेरिकेतून कापूस येणे थांबल्यावर, चार महिने यंत्रे बंद ठेवून कामगारांना पूर्ण पगार दिला. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याचे कामगार कोठे गेले नव्हते. ओवेनला साधू समजण्याचे कारण नाही. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर काळ्या, निळ्या, पिवळ्या व पांढऱ्या बाजूंचा लाकडी ठोकळा टांगून आदल्या दिवसाच्या कामाचा शेरा सर्वांना दिसेल असा ठेवणाराही तोच. गिरणीतून त्याला नफा झाला, आणि बराच झाला.

आपल्याकडे काय होते? १९१० च्या सुमाराची देशोदेशीची आकडेवारी ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली तपासली. अमेरिकेतील न्यू इंग्लंडचा एक गिरणी कामगार जितके काम उरकी, तितक्याला इंग्लंडात दीड, जर्मनीत सव्वादोनांहून थोडे अधिक, आणि ग्रीस, जपान, हिंदुस्थान वा चीनमध्ये जवळजवळ सहा माणसे लागत. यंत्रे बहुतेक सारखीच होती, कित्येक तर एकाच लँकेशायरच्या कारखान्यातली. क्लार्क यांनी यंत्र, व्यवस्थापन, शिक्षण ही सारी कारणे एकेक करून बाजूला सारली आणि शेवटी बोट ठेवले ते स्थानिक संस्कृतीवर. हा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. त्या यादीत हिंदुस्थानच्या शेजारी बसलेला जपान पुढच्या पंचवीस वर्षांत पार पुढे निघून गेला. संस्कृती पंचवीस वर्षांत बदलत नाही; गिरणी चालवण्याची रीत बदलू शकते.

आपली रीत कशी होती ते मुंबईत पाहावे. १९०५ पासून गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. मालकांना वाटले, तास वाढले की सूत वाढेल. १९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढे निराळेच चित्र आले. माणूस इतके तास सलग काम करूच शकत नव्हता. तो अधूनमधून बाहेर जाई, नळावर बसे, विडी ओढी, आणि त्याच्या जागी उभे राहायला मालकाला जास्तीची माणसे पदरी ठेवावी लागत. म्हणजे पगार थोडा, तास पुष्कळ, आणि आळस त्या तासांतच शिवलेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हाही गिरण्या बुडतील अशी ओरड झालीच होती. पुढे कायद्याने तास उतरत गेले. १९११ साली पुरुषांसाठी दिवसाला १२, १९२२ साली आठवड्याला ६०, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८. प्रत्येक वेळी तीच ओरड झाली. गिरण्या बुडाल्या त्या फार नंतर, आणि वेगळ्या कारणांनी.

१९२८ साल या कहाणीतले वळणाचे साल. जपानी मालाच्या माऱ्याने घेरलेल्या मुंबईच्या मालकांनी ठरवले, की विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावे आणि त्रासन खात्यातल्या माणसाने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्या. कागदावर योजना बिनतोड होती: माणशी काम वाढेल, माणशी मजुरी थोडी वाढेल, कापड स्वस्त होईल. कामगाराने त्यातला न लिहिलेला भाग वाचला. तीन साचे एकाकडे गेले म्हणजे तिसरा माणूस घरी बसणार. तो तिसरा माणूस म्हणजे कोण? रत्नागिरीहून त्यानेच बोलावून आणलेला चुलतभाऊ, किंवा एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारा गाववाला. शिवाय वारावरच्या मजुरीचा अनुभव असा, की उत्पादन वाढले की काही महिन्यांत दर उतरे, आणि माणूस जास्त धावून पुन्हा पूर्वीच्याच कमाईवर येई. बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची चाल होती, ती वेगळीच. सूत वाईट देणार गिरणी, आणि कापड विकत घेणार विणकर. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने मुंबईत संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आणि सव्वादोन कोटींच्या घरात कामाचे दिवस बुडाले. फॉसेट समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. समितीने मालकांच्या योजनेला पुष्कळ अंशी मान्यता दिली, पण अहवाल साचा चालवीत नाही.

याच संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न पुढे आणला, तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. विणाईखात्यात मजुरी सर्वांत चांगली, आणि त्याच खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे, की बॉबिन संपल्यावर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालत नसे. एवढ्या छोट्या छिद्रातून अख्ख्या समाजाची मजुरी ठरत होती. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन परदेशी शिकून आलेल्या याच बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती, हे आपल्या शहराने विसरू नये. गिरणीतील कार्यक्षमतेची चर्चा करणाऱ्या मालकांपैकी किती जणांनी विचारले, की निम्म्या दारांना कुलूप लावून उरलेल्यांतून उत्तम विणकर कसा निवडणार?

जपान तोवर निराळ्या वाटेने चालला होता. तेथील मजुरीही काही थोर नव्हती, आणि वसतिगृहात कोंडून ठेवलेल्या खेडवळ मुलींची कथा वाचवत नाही. पण तेथे गिरणीने कापसाची मिसळ सुधारली, मुलींना शिकवण्याची व्यवस्था केली, आणि यंत्रावर लक्ष दिले. साकिची टोयोडा याने १९२४ साली असा स्वयंचलित माग पुरा केला, की ताण्याचा धागा तुटताच तो आपोआप थांबे आणि चालता चालताच नवा धोटा घेई. १९२९ साली लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. म्हणजे गुरूने शिष्याचे पाय धरले. आपण मात्र १९३३ साली ब्रिटिशेतर परदेशी कापडावर ७५ टक्के जकात बसवून दार लावून घेतले.

बडोद्याहून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या अहमदाबादेत याच काळात निराळे काही घडत होते. १९१८ साली प्लेगचा बोनस बंद झाल्यावर कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले, गांधीजींनी ३५ ही रास्त ठरवली. तीन दिवसांच्या उपोषणानंतर झालेली तडजोड मोठी गमतीची होती: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस. दोन्ही पक्षांची प्रतिज्ञा एकेक दिवस राहिली. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच मान्य केले. आम्हाला यात आकड्यापेक्षा पुढची गोष्ट मोलाची वाटते. १९२० साली मजूर महाजन स्थापन झाले आणि तंटा लवादाकडे नेण्याची सवय लागली. म्हणून १९३५ साली, मुंबईत ज्या गोष्टीवरून रणकंदन झाले होते तीच गोष्ट, म्हणजे जास्त बाजू आणि जास्त माग, अहमदाबादेत करार करून मान्य झाली. अट अशी, की जुन्या माणसाला त्यामुळे घरी जावे लागू नये आणि वाढलेल्या कामाचा वाटा कामगारालाही मिळावा. सर्व गिरण्यांनी तो करार मनापासून पाळला असे नव्हे. तरीही १९३० च्या दशकात अहमदाबादची मजुरी मुंबईच्या पुढे गेली, आणि अहमदाबादचा धंदा मुंबईपेक्षा सावरलेला राहिला. यात बारीक सुताच्या मालाकडे वळल्याचा मोठा वाटा होता हे खरेच. पण बारीक सूत भरवशाच्या हातांवाचून निघत नाही.

आता या सर्व प्रकरणातला आम्हाला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग. १९५० च्या दशकाच्या आरंभी अहमदाबादच्या कॅलिको मिलने स्वयंचलित माग आणले. एका खात्यात दोनशेहून अधिक माग आणि त्यांवर एकोणतीस माणसे. कामाची वाटणी शास्त्रशुद्ध: विणकर निराळा, बॉबिनच्या बॅटऱ्या भरणारा निराळा, मोठी तूट सांधणारा निराळा, तेल घालणारा, झाडणारा, कापड वाहणारा, जॉबर, अशी बारा प्रकारची कामे. प्रत्येकाकडे किती माग, हे घड्याळ लावून ठरवलेले. हिशेबाने पाहिले तर एका विणकराच्या वाट्याला एक पुरता मदतनीस येत नसे, त्याचा अपूर्णांक येई. आणि तोच मदतनीस दुसऱ्या कोणाचाही अपूर्णांक असे. यंत्रे नवी, माणसे निवडलेली, तरी कापड मनासारखे निघेना.

१९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी सुचवले ते इतके साधे होते की त्याला शोध म्हणायला संकोच व्हावा. साठ-चौसष्ट मागांमागे सात जणांचा एक गट करावा, त्या मागांची सर्व कामे त्या गटानेच सांभाळावी, आणि कामाचे दर्जे व मजुरीचे थर कमी करावे. कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि जॉबरांनी स्वतःच आपापले गट पाडले. वरून यादी लावावी लागली नाही. थोड्याच महिन्यांत मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली, आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आले. माग तेच, माणसे तीच. मध्यंतरी तिसरी पाळी सुरू झाली, अवघड जातीचे कापड आले, आणि गट विस्कटून आकडे खाली आले. मग मागांची संख्या कमी करून, शिकवण्याला वेळ देऊन ते पुन्हा सावरावे लागले. ही घसरण वगळून जे लोक या प्रयोगाची आरती करतात ते त्याचे खरे मोल घालवतात. पुढे १९७० साली त्याच संस्थेचे एरिक मिलर तपासायला गेले तेव्हा एका स्वयंचलित मागखात्यात ती गटपद्धत जवळपास जशीच्या तशी चालू होती; इतर ठिकाणी गडी पुन्हा जुन्या वाटणीकडे गेले होते. कॅलिको मिल स्वतः शतक संपण्यापूर्वीच बंद पडली.

येथे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: चांगली मजुरी आणि चांगली व्यवस्था यांनीच कापड स्वस्त होत असेल, तर मोठ्या गिरण्या बुडाल्या कशा आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथले यंत्रमाग टिकले कसे? प्रश्न बिनतोड आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा कधीच त्या दारातून आत गेले नाहीत. मालकांनी तोवर बराच माल यंत्रमागावर विणून घेऊन त्यावर स्वतःचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. यंत्रमागवाल्याला महागाई भत्ता नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, अबकारीचा बोजा कमी. माग जुना, बहुधा एखाद्या गिरणीनेच मोडीत काढलेला. तेथे माणशी उत्पादकता फार मोठी नव्हती. मजुरी त्याहून खाली होती. स्वस्त मजुरीने महाग कापड होते हा नियम म्हणूनच नैसर्गिक नियम नव्हे. गिरणीने यंत्रावर पैसा घातला असेल तरच उभा माग मालकाला बोचतो. ज्याने भंगारच्या भावात माग घेतला त्याला तो उभा राहिल्याचे दुःख थोडेच होते.

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आज खानदेशातील हजारो मराठी कुटुंबे राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या या आपल्या माणसांपैकी अनेकांची मजुरी मीटरवर मोजली जाते आणि पाळी बारा तासांची असते. १९०८ च्या कमिशनपुढची साक्ष त्यांच्यापैकी कोणीही आज पुन्हा देऊ शकेल. बडोद्यातील मराठी समाजाला सुरतेच्या या समाजाची फारशी ओळख नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अलीकडचा एक प्रयोग सांगून थांबतो, कारण तो आपल्याच पट्ट्यात झाला. २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव येथील सतरा कापड उद्योगांच्या अठ्ठावीस कारखान्यांचा निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्यांतील काही कारखान्यांना नामांकित सल्लागारांची फुकट मदत दिली, काहींना नाही. मदत कसली? सुताच्या कोठारातले ढीग नीट लावणे, माग का थांबला याची रोज नोंद ठेवणे, बिघडलेल्या कापडाची कारणे लिहून सकाळी त्यावर बोलणे, चांगल्या कामाला बक्षीस ठरवणे, अशा अडतीस बाबी. यंत्रे बदलली नाहीत. पहिल्या वर्षातच उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. मग हे मालकांनी आधीच का केले नव्हते? बहुतेकांना आपला कारखाना चांगलाच चालला आहे असे वाटत होते. आणि कारखाना किती वाढवायचा हे ठरत होते घरात कर्ते पुरुष किती यावरून. परक्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायला कोणी तयार नव्हते. एकोणिसाव्या शतकातला मालक मजुरावर विश्वास ठेवत नसे, एकविसाव्यातला व्यवस्थापकावरही ठेवत नाही.

बऱ्याच वर्षांनी तेच अभ्यासक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. शिकवलेल्या गोष्टींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, निम्म्या टिकल्या होत्या, आणि मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते अजूनही पुढे होते. ज्या सुटल्या त्या बहुधा व्यवस्थापक बदलल्यामुळे किंवा मालकाला वेळ न उरल्यामुळे. त्या सतरा टक्क्यांतले किती टक्के मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती पडले, तो रकाना मात्र मालकांनी अजून आखायचा आहे.